ट्रॉलीवाल्यांनी केलेली पोटाची खुर्ची

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला अधूनमधून टेम्पो तरी येतो. किस्से न्यायला कोण येणार? म्हणून टपरीवर चहा पिता पिता मी ते वाटून टाकत असते. पण पोटाच्या खुर्चीचे किस्से एका चहात संपत नाहीत. तेव्हा दुसरा सांगून ठेवा आणि ऐका!

आधी माणसं सांगते. आमची शेड साताऱ्याच्या एमआयडीसीत, धंदा उसाच्या ट्रॉल्यांचा. मालक आबा. सैन्याच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन आले, पण आवाज अजून परेड ग्राउंडवरच राहिलाय. बजरंग आमचा वेल्डर. जाड पत्रा लावला की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, असं त्याचं ठाम मत. मी सांगलीची, मेकॅनिकल इंजिनियर. शेडमध्ये डिझाइन करते आणि उरलेल्या वेळात बजरंगशी भांडते. आणि आक्का, म्हणजे आबांच्या मंडळी. दुपारी डबा घेऊन येतात आणि आम्हा तिघांना एकाच सुरात रागावतात.

तर या आक्कांची पाठ धरली. अशी धरली की बाजेवरून उठायचं म्हटलं तरी दोघांनी धरावं लागे. नेमकी नागपंचमी त्यातच आली. आक्का म्हणजे पंचमीला गावात लेकी विरुद्ध सुना अशी रस्सीखेच होते तिच्यातल्या सुनांच्या दोरीचं शेवटचं टोक, लग्न झाल्यापासून! त्या पंचमीला त्या बाजेवर पडून पटांगणावरचा आरडाओरडा ऐकत होत्या. मी त्यांना बघायला गावी गेले होते; डोळ्याला पदर लावलेल्या आक्का तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. मला ते अजिबात बघवलं नाही.

* * *

थंडीत त्यांना मी सांगलीला नेलं, माझ्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट आहेत त्यांच्याकडे. आम्ही त्यांना ताईच म्हणतो. ताईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "आक्का, दुखतंय पाठीत, पण चूक पोटाची आहे. पोटाचे स्नायू ढिले पडले, सगळा भार पाठीवर आला." आणि जमिनीवर झोपून करायचे व्यायाम दाखवले.

आक्कांनी एकच विचारलं, "पंचमीला दोरी धरता ईल का?"

"पोटानं पाठ सांभाळली, तर बघू."

झालं! घरी व्यायाम सुरू. पण जमिनीवर झोपायला धरायला आबा, उठवायला आबा आणि शेजारीण. व्यायाम चहा उकळेपर्यंतचा, उठाबशी जेवण होईपर्यंतची. त्यात अंगणात कुणी आलं की आक्का लाजून तशाच पडून राहायच्या. परक्या माणसापुढं बाईमाणूस जमिनीवर लोळतंय, हे त्यांना पटेना. जिमला नेलं तर तिथं सगळीकडे आरसे, आणि मशीनवर चढायचं म्हणजे साडीचा आणि त्या मशीनचा उभा दावा!

चौथ्या-पाचव्या दिवशी आबा शेडवर आले, खडू घेतला आणि फरशीवर मोठी खुर्ची काढली.

"इंजिनेरबाई, बसून पोटाचा व्यायाम हुईल असं मशीन पायजे. पंचमीच्या आत. ऑर्डर इज ऑर्डर!"

"आबा, आपण ट्रॉल्या करतो."

"मग? ट्रॉलीत ऊस बसतो, ह्यात आक्का बसतील. फरक काय?"

खरं सांगू? रात्रभर मला झोप आली नाही. कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे ट्रॉली सोडून काहीतरी मागितलं होतं!

* * *

डिझाइन साधं होतं. बसायचं, पाठीला उशी, खांद्यावरून दोन मुठी पुढं ओढत कमरेतून वाकायचं, आणि मुठींना मागे ओढून धरणारी एक हलकी स्प्रिंग. हलकी! कागदावर मी तो शब्द दोनदा लिहिला होता.

दोन दिवस मी सांगलीला घरी गेले. परत आले तर खुर्ची तयार. ट्रॅक्टरची सीट, ट्रॉलीच्या चासीचं लोखंड आणि मागे स्प्रिंगच्या जागी जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे!

"बजरंग, हे काय?"

"बाई, हलकी स्प्रिंग तुटली तर आक्का पडतील की. म्हनून जरा मजबूत घेतली."

बजरंग बसला, मुठी ओढल्या. काही हललं नाही. आबा म्हणाले, "बाजूला सर." त्यांनी ओढल्या. मान लाल झाली, मुठी जागच्या जागी. शेवटी एक मूठ आबांनी, एक बजरंगनं धरली आणि दोघांनी 'हर हर महादेव' करून जोर लावला. मुठी खाली आल्या! दोघंही खूश झाले आणि आनंदात त्यांनी हात सोडले.

मुठी अशा परत गेल्या की आबांची टोपी थेट ग्राइंडरच्या पलीकडे जाऊन पडली आणि बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

आबांनी टोपी झटकली आणि शांतपणे म्हणाले, "बजरंग, बायकू बसनार हाय रं ह्यात. तोफ न्हाई मागितली!"

शेवटी मी स्प्रिंगच काढली आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. एक लावली की हलकं, चार लावल्या की जड. बजरंग चार दिवस येता-जाता त्या पट्ट्या ओढून बघत होता. रबरावर त्याचा विश्वास नाही.

* * *

मग आली मापाची भानगड. पाठीची उशी कुठं, पट्टा कुठं, मुठी किती उंचीवर, हे सगळं बसणाऱ्याच्या अंगावर ठरतं. मी आबांना टेप दिला आणि म्हटलं, "घरी आक्कांचं माप घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आबांनी आकडे आणून दिले. आम्ही बिनचूक त्या मापाची खुर्ची केली. आक्का आल्या, बसल्या. पट्टा कमरेऐवजी गुडघ्यावर, उशी मानेत, आणि मुठींपर्यंत हातच पोचेनात!

"हे कुनाचं माप हाय?" आक्कांनी विचारलं.

आबा छताकडे बघायला लागले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की घरात सून होती, शेजारीण होती, त्यांच्यासमोर बायकोला टेप कसा लावायचा? म्हणून आबांनी कोठीत जाऊन, आक्कांएवढं दिसतंय म्हणून, एक तांदळाचं पोतं मापलं होतं!

आक्का खुर्चीतून उठल्या. आपण आता लपावं कुठं, असा विचार मी आणि बजरंग करत होतो. पण त्या म्हणाल्या एवढंच, "पोतं भरल्यालं हुतं, का निम्मं?"

"निम्मं," आबा घाईनं म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या!"

* * *

रंगाचं काम बजरंगकडे. मी निळा सांगितला होता. आला तो ट्रॉलीचा लाल. तेही सोडा. पाठीमागून बघितलं तर दोन्ही बाजूंना रेडियमच्या पट्ट्या, आणि मधोमध सुबक अक्षरात: 'सुरक्षित अंतर ठेवा'!

मी ओरडले, "अरे, ही रस्त्यावर जाणार आहे का?"

"सवय हो बाई. हात आपापला चालतो."

"आणि अंतर कुणापासून ठेवायचं?"

बजरंगनं दाराकडे बघितलं. आक्का एक हात कमरेवर ठेवून डबा घेऊन येत होत्या. तो हळूच म्हणाला, "तेवढं मात्र बराबर लिहिलंय!"

त्याच दिवशी खुर्चीची पूजा झाली. नारळ फोडला, हार घातला. नवी गाडी शेडबाहेर काढताना चाकाखाली लिंबू ठेवायची आमची पद्धत. खुर्चीला चाकं नाहीत. आबा आणि बजरंग लिंबू हातात घेऊन बराच वेळ खुर्चीभोवती फिरले. शेवटी चारही पायांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि आक्कांना वर बसवलं. लिंबं फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सरबताला लिंबूच उरलं नाही म्हणून आक्कांनी सगळ्यांना झापलं ते वेगळं.

* * *

आता खुर्ची ताईंना दाखवायला सांगलीला न्यायची होती. ताई हो म्हणाल्याशिवाय आक्कांना त्यावर व्यायाम करू द्यायचा नाही, हा माझा हट्ट. टेम्पो आबा चालवत होते, पुढं मी आणि आक्का. खुर्ची मागे हौद्यात, दोरानं बांधलेली. ती हलू नये म्हणून बजरंग तिच्यावरच बसला आणि कमरेचा पट्टाही लावला.

कराडच्या पुढं पोलिसानं हात केला. खाली उतरलो. तो मागे गेला. लाल खुर्ची, गळ्यात हार, रेडियम, आणि वर पट्टा लावून बसलेला बजरंग, डुलक्या घेत! पोलीस पार गडबडला.

"हे काय वाहन हाय?"

"पोट घट्ट करायचं मशीन हाय, साहेब," आबा म्हणाले.

पोलिसानं खुर्चीला एक चक्कर मारली, मग बजरंगला खाली उतरवून पुढं बसायला लावलं. आम्हाला वाटलं सुटलो! तेवढ्यात त्यानं पावतीपुस्तक काढलं आणि आबांकडे वळला.

"खुर्चीतल्यानं पट्टा लावलाय. तुमी स्टेरिंगवर बसून लावला न्हाई. फौजी दिसताय, जरा शिका त्याच्याकडनं!"

सांगली येईपर्यंत आबा दर फाट्यावर बजरंगकडे बघत आपला पट्टा आवळत होते.

* * *

ताईंनी खुर्ची बघितली, स्वतः बसून बघितली, मग एकेक पट्टी ओढून बघितली. परीक्षेच्या निकालाला माझी छाती एवढी धडधडली नव्हती! शेवटी म्हणाल्या, "चालेल. पण आक्का हातानं ओढतायत. काम पोटानं करायचंय."

"पोटानं म्हंजे कसं?" आक्का.

ताईंनी सगळे शब्द वापरून बघितले. आत घ्या, आवळा, श्वास सोडा. आक्का प्रत्येक वेळी हातच वापरायच्या. मध्येच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "थांबा. चूल पेटंना म्हनून फुंकनीनं फुंकतो, तवा पोट असं आत जातं. तसंच का?"

"तस्संच!" ताई आपल्या स्टुलावरून उठल्याच.

आक्कांनी तोंडाचा चंबू केला, लांब फू केलं आणि वाकल्या. ताईंनी त्यांच्या पोटावर हात ठेवला होता. म्हणाल्या, "आलं! कडक आलं!" मी सांगलीतल्या त्या दवाखान्यात, सगळ्या पेशंटसमोर, चक्क उडी मारली. लाज वगैरे काही वाटली नाही.

तेव्हापासून ताई सगळ्या पेशंटना 'फुंकणी करा' असंच सांगतात. परवा पुण्याहून आलेल्या एका मुलानं तीन-चार वेळा मान डोलावली, सगळं समजल्यासारखं केलं, आणि जाताना हळूच विचारलं, "मॅडम, ती फुंकणी ऑनलाइन मिळेल ना?"

* * *

आणि मग आली पंचमी. रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसून आक्कांची पाठ सरळ झाली होती. ताईंनी फोनवर सांगितलं, "धरू दे दोरी. दुखलं तर लगेच सोडायची." मी आणि बजरंग सुट्टी टाकून रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावी गेलो.

पटांगण भरलेलं. एका बाजूला माहेरी आलेल्या गावच्या लेकी, दुसऱ्या बाजूला गावच्या सुना. आणि गावातल्या समस्त पुरुषांनी ओरडायचं ते लेकींच्या बाजूनं, आपल्या बहिणींसाठी. वर्षातनं एकदा येतात पोरी! बायकोच्या बाजूनं तोंड उघडणाऱ्या पुरुषाला पुढची पंचमी येईपर्यंत पारावर बसायची सोय नाही. आबाही रिवाजाप्रमाणे लेकींकडे जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून.

आक्कांनी पदर खोचला, सुनांच्या मागे शेवटचं टोक धरलं आणि टाचा मातीत रोवल्या. शिट्टी झाली!

पहिल्या झटक्याला सुना घसरल्या. आक्काही पाऊलभर पुढं गेल्या. दुखलं का? सोडतात का? पण आक्का मागे रेलल्या, लांब श्वास सोडला आणि तशाच थांबल्या, मेख ठोकल्यासारख्या. दोरी थांबली. मग बोटभर मागे आली. मग आणखी. लेकींच्या बाजूचे पुरुष घसा फाडून ओरडत होते. मी आणि बजरंग दोघंच सुनांसाठी ओरडत होतो, आम्हाला कोण विचारतंय!

आबांची हाताची घडी सुटली होती. ते एक पाऊल पुढं आले. आणखी एक आले. आणि अचानक, लेकींच्या गर्दीतून, परेड ग्राउंडवरचा तो आवाज अख्ख्या पटांगणावर घुमला.

"शालन! ओढ, शालन, ओढ!"

गावानं आबांच्या तोंडून आक्कांना कधी 'अगं'च्या पुढं ऐकलं नव्हतं. बजरंगनं मला विचारलं, "शालन कोन?"

आक्कांनी मान वळवली. आवाज आला त्या दिशेला बघितलं. आणि हातातली दोरी सुटली!

सगळ्या सुना पुढं एकमेकींच्या अंगावर ढासळल्या. आक्का मात्र जागच्या जागी धप्पकन मातीत बसल्या. मी किंचाळले. बजरंगनं डोळे मिटले. आबा गर्दी बाजूला सारत पळत निघाले, "उठू नगं, उठू नगं, मी आलो!"

ते पोचायच्या आत आक्का उठल्या होत्या. कुणाचा हात न धरता, जमिनीला हात न टेकता. एका हातानं पदर सावरलेला, दुसऱ्या हाताचं बोट आबांवर रोखलेलं. चेहरा लालबुंद, आणि डोळ्यांत पाणी.

"आवं, जलमभर तोंडातनं माजं नाव न्हाई निघालं, आनि आज येळ बघा कुठली काढली!"