मंडळाची वर्गणी आणि बाबांचा गुडघा

नर्मदाकाठच्या आमच्या शहरात, गोरखपूर नावाच्या मोहल्ल्यात, माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचे दिवस आले की पावत्यांची पिशवी घेऊन मी सीएकडे जाते. गेल्या वर्षी बाबाही निघाले. संरक्षण कारखान्यात उभा जन्म सुट्या भागांची तपासणी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर माझ्या खर्चांची तपासणी करतो.

आमची सीए मराठी घरातलीच, पण तिचं मराठी दुसऱ्या वाक्याला हिंदीत शिरतं. पावत्या चाळता चाळता ती म्हणाली, "दीदी, फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेची वर्गणी ठीक आहे, वो तो प्रोफेशन का खर्चा है. पण ही मराठी मंडळाची नाही चालणार."

"काहून नाही चालणार?" बाबा सरसावले. ती पावती त्यांनीच हळूच पिशवीत टाकली होती. "अर्ध्या मंडळाचे गुडघे गेलेले आहेत. तिथूनच तर पेशंट येऊन राहिले हिच्याकडे."

"अच्छा? कोण कोण आलं, काकाजी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. मंडळातून तोवर एकच बाई क्लिनिकात आल्या होत्या, त्याही हळदीकुंकवाचं बोलावणं करायला.

"बरं, मग दान समज. मंडळ काही नफा कमवत नाही."

"दान म्हणजे बदल्यात काही घ्यायचं नाही, काकाजी. तुम्हाला तर कोजागिरीचं दूध मिळतं, नाटकाला पुढची खुर्ची मिळते."

"दूध पातळ असतं," बाबा गंभीरपणे म्हणाले.

ती पोटभर हसली आणि मग तिला बाबांची दयाच आली असावी. म्हणाली, "मंडळाच्या स्मरणिकेत क्लिनिकची जाहिरात द्या. तो धंद्याचा खर्च. मात्र बिल पक्कं पाहिजे."

झालं! गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत माझ्या क्लिनिकची पानभर जाहिरात आली. मजकूर बाबांचा. 'गुडघेदुखी अंगावर काढू नका. वेळीच या!'

आता बाबांचा स्वतःचा उजवा गुडघा कित्येक वर्षांपासून कुरकुरत होता आणि ते तो खुशाल अंगावर काढत होते. मुलीसमोर झोपून पाय वर-खाली करायचे, हे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. त्यात उत्सवाच्या समारोपाला जाहिरातदारांचे आभार मानायचं काम त्यांच्याकडेच आलं. मंचाला चारच पायऱ्या, पण कठडा नव्हता. दुसऱ्या पायरीवर बाबा अडकले ते अडकलेच. शेवटी दोन कार्यकर्त्यांनी काखेत हात घालून त्यांना वर चढवलं. माइक हातात आल्यावर त्यांनी माझ्या क्लिनिकचं नाव सगळ्यात आधी, आणि जरा जास्तच जोरात घेतलं.

पहिल्या रांगेतून एका आजींनी विचारलं, "भाऊ, मग तुम्हीच काहून नाही जाऊन राहिले मुलीकडे?"

सभागृह खो-खो हसलं. मीही हसले. बाबांना ते वरून स्वच्छ दिसलं.

घरी येताना ते गाडीत मुद्दाम मागच्या सीटवर बसले. मला वाटलं, दुखावले. पण सकाळी मी क्लिनिक उघडायला गेले तर बाहेर बाकावर बाबा, मांडीवर घडी घातलेला टॉवेल.

"चलो डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "सांगा काय करायचं."

मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "गुडघा खाली दाबा. दाबून धरा." बाबांनी डोळे मिटले आणि नेटाने दाबला. पाय थरथरत होता. माझ्या हाताला तो इतका हलका लागला की दहापर्यंत मोजायचं ते मी पाचावरच थांबवलं.

दिवाळीपर्यंत ते ग्वारीघाटाच्या पायऱ्या एकट्याने उतरून नर्मदेत पाय बुडवून आले. मग मंडळातल्या त्या आजी आल्या, मागोमाग त्यांच्या जाऊबाई. आता बाबा रोज क्लिनिकात असतात. आजींचा पाय जरासा वाकडा उचलला गेला की खुर्चीतून ओरडतात, "रिजेक्ट! परत करा!"

आजी मला म्हणतात, "यांना घरी ठेवायचे किती घेशील?"