मांजराची सहावी मिशी

सिंगापूरला यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीवर, एका प्रसिद्ध जपानी बाईंची सही फ्रेम करून लावली आहे. ती सही मी केलेली आहे.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. त्यातली चार वर्षं त्या भिंतीसमोर उभं राहून मी निदान चाळीस पाहुण्यांना "अस्सल आहे बरं का" असं सांगितलं आहे. त्या चाळीस जणांची आधी माफी मागतो. (त्यातल्या दोघांनी फ्रेमला हात लावून नमस्कार केला होता. त्यांची दोनदा मागतो.)

मी पुण्याचा. एका कारखान्यात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. इंजिनियरांनी विचार करायचा आणि मी रेघा मारायच्या, अशी कामाची वाटणी होती. आमच्या साहेबांनी माझं ड्रॉइंग एका फटक्यात कधी पास केलं नाही. लाल पेन्सिलीनं कुठली तरी एक रेघ खोडायचे आणि कोपऱ्यात लिहायचे, 'दुरुस्तीसह मंजूर'. निवृत्त झाल्यावर मी आणि आमची सुमन मुलाकडे सिंगापूरला आलो. मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात, आणि आम्ही दोघं आमच्या नातीच्या, सईच्या तैनातीत.

सई तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिच्या आयुष्यात एकच व्यक्ती होती, मिझू-सान. मिझू-सान म्हणजे जपानी कार्टूनमध्ये आवाज देणारी बाई.

"कार्टून नाही आजोबा, ॲनिमे लाह," सई म्हणायची. (हे 'लाह' म्हणजे सिंगापूरच्या बोलीचं शेपूट, कुठल्याही वाक्याला लागतं.)

"बरं, ॲनिमे. पण बाई दिसते कुठे त्यात?"

"दिसत नाही. ऐकू येते."

या बाईंचं चरित्र मला गजाननाच्या आरतीसारखं पाठ झालं होतं. गावाकडून टोकियोला आल्या, जेवणाच्या डब्यांच्या दुकानात कामाला लागल्या. मग तलवार चालवणाऱ्या एका बारा वर्षांच्या पोराचा आवाज म्हणून गाजल्या आणि वयाची चाळिशी ओलांडली तरी तो पोरगा बाराच वर्षांचा राहिला. एका व्हिडिओ गेममध्ये तर त्या तीन माणसं होत्या आणि तिघांची आपापसांत भांडणं होती. मधे घशाचं ऑपरेशन झालं, वर्षभर बोलल्या नाहीत, परत आल्या त्या म्हातारीचा आवाज घेऊन. सगळ्यात पहिली भूमिका मात्र एका भटक्या मांजराची होती, हेही सईनं सांगितलं होतं. पण त्या वेळी गॅसवर दूध होतं आणि मी पुढचं ऐकलं नाही. लक्षात ठेवा, या साऱ्या प्रकरणाचं मूळ त्या दुधात आहे.

तर या मिझू-सान सिंगापूरला आल्या. सई तिच्या आईबरोबर पाच तास रांगेत उभी राहिली आणि सोनेरी कडेच्या पांढऱ्या चौकोनी पुठ्ठ्यावर त्यांची सही घेऊन आली. काळ्या शाईच्या ब्रशनं केलेली जपानी सही आणि शेजारी एक छोटं मांजर. घरी आल्यावर तिनं तो पुठ्ठा आम्हाला दाखवला, पण हातात दिला नाही.

"मी पण हेच करणार आजोबा. व्हॉइस ॲक्टर होणार."

"हो, पण आधी परीक्षा," मी म्हणालो. सहावीची ती मोठी परीक्षा सुरू होती. तिथे त्या परीक्षेत मुलांपेक्षा पालकांचं वजन जास्त घटतं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. खंडेनवमीला ज्याचं जे शस्त्र, त्याची पूजा. मी पाटावर मुलाचा लॅपटॉप मांडला, सुनेचा कॅल्क्युलेटर, सुमनची विळी (ही तिनं पुण्याहून बॅगेत आणली होती, कस्टमवाल्यांना काय सांगितलं ते तिलाच ठाऊक), माझी ड्रॉइंगची पेनं. आता सईचं शस्त्र कोणतं? पोरगी आवाजाचं काम करणार म्हणते. आवाज पाटावर कसा मांडायचा? मग मला तो पुठ्ठा आठवला. सई शाळेत होती. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी सुमनला बोलावून दाखवलं.

"तिला विचारलंत का?" सुमन म्हणाली.

"आशीर्वादाला कसलं विचारायचं?"

"मग निदान त्यावर पाणी शिंपडू नका."

हे तिनं सांगितलं होतं. मी कबूल करतो. पण पूजा करताना माणसाचा हात आपोआप चालतो. लॅपटॉपवर फुलानं थेंबभर, कॅल्क्युलेटरवर थेंबभर, विळीवर जरा सढळ आणि त्याच ओघात पुठ्ठ्यावर. वर ओल्या गंधाचं बोट, कुंकू, अक्षता. मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा मिझू-सान पाटावरून लॅपटॉपच्या दिशेनं वाहत निघाल्या होत्या.

मी घाईनं पंच्यानं टिपलं. टिपल्यावर सही पंच्यावर गेली आणि कुंकू सहीच्या जागी आलं. मांजराचं नुसतं शेपूट राहिलं.

सुमन दारात उभी होती. "आता?"

"आता परीक्षा आहे तिची. उद्या पेपर आहे. आज सांगितलं तर पोरगी लिहील काय?"

"म्हणजे नंतर सांगणार?"

"संपली की लगेच."

दुपारी दोनला सई आली. तिची नजर थेट पाटाकडे. पुठ्ठ्यावर मी सुमनचा रेशमी ब्लाउजपीस पांघरला होता.

"आजोबा, माझा बोर्ड पूजेत? सो नाइस! बघू?"

"अं हं. पूजेतलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. बघायचंही नसतं."

"पण पप्पांचा लॅपटॉप तर दिसतोय."

"तो परदेशी कंपनीचा आहे."

"बोर्ड पण परदेशी आहे."

"जा, अभ्यास कर," सुमन आतून म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर एवढे मोठे उपकार कधी केले नव्हते.

दसऱ्याला सकाळी सई पेपरला गेली आणि मी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, शहरात जाऊन तसाच सोनेरी कडेचा पुठ्ठा घेऊन आलो. फ्रिजवर सईचा तो पुठ्ठा धरलेला फोटो होता. त्यावर मी चौकटी आखल्या, तशाच मोठ्या चौकटी पुठ्ठ्यावर हलक्या पेन्सिलीनं आखल्या. आता पेन. पेनं पूजेत! 'हलवायचं नसतं' हा नियम मीच काल मोठ्या आवाजात सांगितलेला. देवापुढे हात जोडले, म्हटलं, संकटकाळ आहे, आणि पेन उचललं.

काम उत्तम झालं, हे मी आजही म्हणेन. ब्रशच्या रेघा मी पेनानं भरल्या. मूळ सहीत दोन ठिकाणी रेघ डगमगली होती, ती सरळ केली. आणि मांजराला डावीकडे तीन मिश्या होत्या, उजवीकडे दोनच. गर्दीत बिचाऱ्या बाई विसरल्या असतील. मी तिसरी काढून दिली. पस्तीस वर्षांची सवय, दोन्ही बाजू सारख्या नसल्या की मला जेवण जात नाही.

सई आली. मी ब्लाउजपीस सोन्याचं पान काढावं तसा काढला. तिनं पुठ्ठा हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग आजीकडे. आजी एकदम मटार सोलायला लागली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही. छान आहे," सई म्हणाली आणि आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून पाया पडली. (पानं पुण्याहून पाकिटातून आलेली, वाटेत चुरा झालेली.)

परीक्षा संपली. निकाल लागला. नवी शाळा सुरू झाली. माझं 'लगेच' काही येईना. मूळ पुठ्ठा मी माझ्या बॅगेत, स्वेटरांच्या खाली दडवला होता. सिंगापुरात स्वेटर कोणी काढत नाही.

आणि दोन वर्षांनी मिझू-सान पुन्हा आल्या.

"आजोबा, या वेळी तुम्ही चला माझ्याबरोबर," सई म्हणाली. "मी तोच बोर्ड नेणार. त्याच्यावरच दुसरी सही घेणार."

"नवा घेऊ की. तो जुना झाला."

"तोच."

मॉलमधल्या मोठ्या हॉलमध्ये रांग होती. सुमननं दशम्या दिल्या होत्या, त्या डब्यातच राहिल्या. आता बाई पुठ्ठा बघणार, ही माझी सही नाही म्हणणार, आणि चौदा वर्षांची माझी नात पाचशे लोकांसमोर खोटी ठरणार. माझ्यामुळे. शेवटी मी ठरवलं, चक्कर आल्याचं सोंग करायचं, म्हणजे घरी जावं लागेल. मी खांबाला टेकलो आणि कण्हलो. दोन स्वयंसेविका धावत आल्या, मला पाणी दिलं, आणि वयस्कर माणूस म्हणून सईसकट उचलून रांगेच्या अगदी पुढे नेऊन बसवलं.

समोर चार फूट दहा इंचांच्या मिझू-सान. सईनं पुठ्ठा ठेवला आणि दुभाष्याला बाजूला ठेवून थेट जपानीत बोलायला लागली. त्या भाषेचा ती क्लास लावत होती हे मला माहीत होतं, पण इतकी लांब वाक्यं? बाई पुठ्ठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पेनाच्या टोकानं मांजराच्या मिश्या मोजल्या. एका बाजूच्या तीन. दुसऱ्या बाजूच्या तीन. मग माझ्याकडे पाहिलं.

मला आता खरंच चक्कर यायला लागली.

बाई हसल्या. बाईंसारख्या नाही, त्या तलवारवाल्या पोरासारख्या, खो खो. मग उजवीकडची एक मिशी त्यांनी बारीक रेघेनं खोडली, खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली, उठल्या आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. मी पुन्हा वाकलो. शेवटी दुभाष्यानं मला धरून सरळ केलं.

"काय म्हणाल्या?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"आजोबा नातीबरोबर आले, बरं वाटलं म्हणाल्या."

"आणि ती मिशी?"

"स्टाइल आहे त्यांची, लाह."

निभावलं, मला वाटलं. इतकं हलकं वाटलं की खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला मी दोन कोपी (तिथली कॉफी) प्यालो आणि पुठ्ठा फ्रेम करून लावायचं मीच सुचवलं. पुढे चार वर्षं भिंतीशी उभा राहून मी पाहुण्यांना दोन्ही सह्या दाखवल्या. एकदा मुलाच्या ऑफिसातले एक जपानी गृहस्थ जेवायला आले. त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या आणि त्यांना वरणाचा ठसका लागला. मला वाटलं, तिखट झालं असेल.

पण स्वेटरांखालचा तो पुठ्ठा काही गप्प बसत नव्हता. सई आता टोकियोला शिकायला निघाली. बॅग भरताना ती म्हणाली, "आजोबा, तुमचे स्वेटर द्या ना, तिकडे थंडी असते." आणि माझं 'लगेच' आलं.

मी बॅग उघडली, कुंकवानं माखलेला पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. सुमन शेजारी बसून "सांगितलं होतं मी, पाणी नको" एवढंच मधूनमधून म्हणत होती.

सईनं त्या शेपटावरून बोट फिरवलं. "हा मी किती शोधला, आजोबा. मला वाटलं फेकून दिलात."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. मिझू-सानची पहिली भूमिका मांजराची होती ना? भांडणात एक मिशी तुटलेलं मांजर. त्या कायम पाचच काढतात. सगळ्या जगाला माहीत आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं."

(दूध!)

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग वाटलं, आजोबांनी एवढ्या रेघा मारल्या माझ्यासाठी. मिझू-सानना पण तेच सांगितलं."

"आणि त्या दोन ओळी?"

सईनं फ्रेम काढून आणली आणि बोट ठेवून वाचली. "'चित्र आजोबांचं आहे, माझं नाही. एक मिशी जास्त होती, ती काढली. बाकी छान.'"

म्हणजे चार वर्षं मी माझ्याच कबुलीजबाबाखाली उभा राहून "अस्सल आहे" सांगत होतो, आणि घरात तो वाचता येणारी एकटी सई होती. सुमन हसता हसता खाली बसली. मीही हसलो. सहा वर्षांनी पोटभर.

सई मूळ पुठ्ठा टोकियोला घेऊन गेली, कुंकवासकट. माझा मला ठेवला. तो अजून भिंतीवर आहे. कोणी आलं की आता मी खरं तेच सांगतो, ड्रॉइंग माझं, एक रेघ साहेबांनी खोडलेली, खाली शेरा आणि सही. देश बदलला, साहेब बदलला, पण माझा निकाल तोच. दुरुस्तीसह मंजूर.