जेवलास का, पैलवान?

दादा गेल्याची बातमी आली त्या दिवशी केजला बाजार होता. वर्गात निम्मीच मुलं होती आणि मी फळ्यावर उर्दूची अक्षरं काढून देत होतो. दारात नेकनूरचा गणपा येऊन उभा राहिला. आमच्याच तालमीतला, दादाच्या जोडीचा पैलवान. आत न येता त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला, तेव्हाच मला कळलं.

"चला, मास्तर. दत्तू गेला. ताप डोक्यात गेलता."

छकड्यात माझ्यानं बसवेना. जरा बसायचो, पुन्हा उतरून चाकाबरोबर चालायचो. गणपा मात्र बोलत राहिला. माणूस गेला की त्याचे किस्से उसवलेल्या पोत्यातल्या जोंधळ्यासारखे असतात. एका जागी हात लावावा तर दुसरीकडून सांडतात. आणि आमच्या तालमीचे किस्से सगळे एकाच जातीचे. ज्या डावावर पैलवानाचं नाव झालं, त्याच डावानं तो पडलेला!

"माझंच ऐका आधी," गणपा म्हणाला.

गणपा लंगडायचा. म्हणजे सोंग करायचा. सलामी झाली की डावा पाय ओढत चालायचा. समोरच्याला वाटायचं, पाय दुखावलाय. तो पाय धरायला वाकला की गणपा वरून त्याच्या मानेवर!

एकदा मांजरसुंब्याच्या फडात समोरचाही लंगडतच आला. दोघं आखाड्यात लंगडत एकमेकांभोवती फिरताहेत आणि लोक हसून लोळताहेत. बेटा माझंच सोंग मला दाखवतोय, म्हणून गणपा चिडला आणि त्याच्या पायाला झोंबला. वाकला मात्र, मानेवर धोंडा पडावा तसं वजन आलं. गणपाची पाठ मातीला!

"उठलो अन् म्हणलं, भले! सोंग लई झ्याक केलंस. तर म्हणतो, सोंग कसलं बे? ल्हानपणी गाडीचं चाक गेलतं पायावरून!"

गणपा हसला आणि त्याच पटक्यानं त्यानं डोळे पुसले.

*

आमच्याच तालमीतला सोपाना वेगळा. तो कधी आधी हात घालायचा नाही. समोरचा कंटाळून अंगावर आला की त्याच्याच जोरानं त्याला फेकून द्यायचा. "घाई करंल तो पडंल," हा त्याचा मंत्र.

केजच्या जत्रेत त्याला त्याच्यासारखाच भेटला. दोघांनी एकमेकांची मनगटं धरली आणि उभे राहिले ते उभेच. हलगीवाल्याचे हात भरून आले, त्यानं हलगी खाली ठेवली. लोक झाडाखाली जाऊन भाकरी खाऊन आले. पंच बसल्या जागी घोरायला लागले.

शेवटी सोपाना वैतागून म्हणाला, "किती वेळ बे?"

"कावून? घाई हाय का?" म्हणत समोरच्यानं सोपानाला उचलला!

*

वस्तादांची गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखतची. वस्ताद शिकवायला बसले की त्यांच्या शिव्या ओढ्यापलीकडं ऐकू जायच्या. पण त्यांच्यासारखा डाव समजावून सांगणारा दुसरा नव्हता. दादा नवा होता तेव्हा त्यांनी त्याला स्वतःच्याच अंगावर ढाक हा डाव शिकवायला घेतला.

"माझी मान धर. हां. आता पाय आत घाल. आत बे, आत! आता कंबर फिरव. जोर लाव की, जेवला न्हाईस काय?"

दादा आज्ञाधारक. त्यानं सांगितलं तसं सगळं केलं. दुसऱ्या क्षणी वस्ताद पाठीवर आणि दादा त्यांच्या छातीवर.

दादा घाबरून म्हणाला, "सोडू का, वस्ताद?"

वस्ताद खालूनच म्हणाले, "मी सोड म्हणालो का?"

*

ढाक दादानं तिथून उचलली आणि वस्तादांचं ते जेवणाचं विचारणंही. हातात हात गुंतले, कपाळाला कपाळ लागलं की तो हळूच विचारायचा, "जेवलास का?"

आपल्याकडं या प्रश्नाला उत्तर न देणं कुणाला जमतं? हो म्हणा, अजून नाही म्हणा, तोंड उघडतंच. तोंड उघडलं की दम सुटतो, दम सुटला की अंग ढिलं पडतं. तेवढ्यात ढाक! एक जण तर पडल्या पडल्या सांगत होता, "भाकर अन् ठेचा खाल्ला, दत्तूभाऊ!"

दादाला पाडलं तलवाड्याच्या हुसेननं. तलवाड्याच्याच उरसात. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. दादाला जायचं नव्हतं, पण वस्तादांनी शब्द देऊन ठेवला होता. कपाळाला कपाळ लागलं. दादा विचारणार, तोच हुसेन हळूच म्हणाला, "दत्तूभाऊ, आई कशी हाय?"

"जेवत न्हाई रे," दादा म्हणाला, आणि त्याला आभाळ दिसलं.

आईच्या आजाराचं आम्ही गावाबाहेर बोललो नव्हतो. पण हुसेन पूर्वी नेकनूरच्या फडाला आला की आमच्याच घरी जेवायचा, आईच्या हातचं. मग त्यानं डाव टाकला, की खरंच विचारलं? हरल्याचं दादाला काही नव्हतं. हे एवढंच त्याला आयुष्यभर टोचत राहिलं.

"त्या सालात मला आईचं कुणी इचारलं न्हवतं," तो म्हणायचा. "एक त्यानंच. अन् त्यानंच पाडलं. मास्तर, तू शिकलेला. तूच इचार की त्याला एकदा. मी इचारलं तर त्याला वाटंल, डाव टाकतोय."

मी हो म्हणायचो.

*

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. वर बाभळीवर बसलेले, पण खाली एकही उतरेना. सोपानानं हात जोडून सांगितलं, "दत्तू, तालीम बंद पडू देत न्हाई." गणपा म्हणाला, "पोरांचं बघतो बे, जा सुखानं." कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढलं. मी ओढ्याच्या काठानं नुसता येरझारा घालत होतो. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात पलीकडून हुसेन आला. दाढी पांढरी, पैलवानाचे मोडके कान तसेच. चपला लांब काढून तो पिंडासमोर उकिडवा बसला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "जेवलास का, दत्तूभाऊ?"

बाभळीवरून एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

मग गणपा रडतच म्हणाला, "परत पाडलं बे यानं!"

हुसेनला पोचवायला मी वाटेपर्यंत गेलो. तो जोंधळ्याविषयी बोलला, माझ्या शाळेविषयी बोलला. वळणावर माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा थांबला.

मी त्याला विचारलं नाही.