केंगले सरांचा स्लॅब

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, जळालेल्या मोटरी आणि किस्से. मोटरी लोक कधी ना कधी घेऊन जातात. किस्से मात्र माझ्याकडंच टाकून जातात!

वारूळवाडीत रस्त्यालाच माझं दुकान. एप्रिल-मे हा माझा सीझन. व्होल्टेज पडलं की राजुरीपासून बोरीपर्यंतच्या मोटरी धडाधड जळतात आणि मालक मंडळी बाकड्यावर बसून माझ्या हाताकडं बघत गप्पा मारतात. त्यामुळं विजेच्या बचतीवर बोलायचा अधिकार खरं तर मला नाही. लोकांची मोटर जळते तेव्हा माझी चूल पेटते. पण आमच्या बाकड्यावर एक माणूस असा होता की त्याच्यामुळं मलाही चार गोष्टी कळल्या. त्याचेच हे किस्से.

बाकड्याचे कायमचे मेंबर दोन. एक केंगले सर, हायस्कूलला सायन्स शिकवायचे. दुसरा बबन, एसटीत कंडक्टर. त्याची ड्यूटी डोंगराकडच्या गाडीवर. लोडशेडिंग जोरात होतं, त्या वर्षांतली गोष्ट आहे. दुपारी लाइट गेली की माझं काम बंद आणि यांच्या गप्पा चालू.

सरांचे बाबा आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात राहायचे. भात आणि नाचणीची शेती. आई गेल्यावर एकटेच राहिले. आदल्या उन्हाळ्यात झऱ्यावरून पाणी आणताना बाबा घसरले आणि दुपार टळेपर्यंत तिथंच पडून राहिले. एक गुराखी त्या वाटेनं आला म्हणून कळलं, नाहीतर काही खरं नव्हतं. तो पावसाळा आणि भाताची काढणी बाबांनी तिकडंच उरकली, मग दिवाळीनंतर सर त्यांना वारूळवाडीला घेऊन आले. हिवाळा मजेत गेला. शिवरात्र झाली, सरांच्या घराचा स्लॅब तापायला लागला, आणि बाबांनी जाहीर केलं,

"अखितीपातूर ऱ्हातो. मंग मला यष्टीत बसवून द्या. घर शाकारायचंय."

अखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. डोंगरातलं त्यांचं घर गवताचं. दरवर्षी पावसाच्या आत छपरावर नवं गवत चढवावंच लागतं, त्याला शाकारणं म्हणतात. एक पावसाळा ते राहिलं की पाणी आत शिरतं, भिंती बसतात आणि घर संपतं. म्हणजे कारण खरंच होतं. पण खरा राग स्लॅबवर होता. दुपारी दोन वाजता छताकडं बघून बाबा म्हणायचे, "हितं माणसं ऱ्हात्यात का भाकरी भाजत्यात?"

सर आमच्याजवळ याबद्दल एकदाच मोकळं बोलले. "राजाभाऊ, यंदा ते तिकडं पडले ना, तर मला कळणारसुद्धा नाही." एवढं म्हणून ते चहा न पिताच उठले. घर थंड करायचं आणि बाबांना अखितीनंतरही ठेवून घ्यायचं, हा त्यांचा त्या उन्हाळ्याचा एकमेव कार्यक्रम होता.

* * *

बबननं सरळ सांगितलं, "कूलर घ्या सर. मी घेतलाय. सिमल्यावाणी वाटतं!"

सर म्हणाले, "आठ तास लाइट नसते. कूलर काय मंत्रानं फिरवू? आणि त्याला रोज चार बादल्या पाणी कुठून आणू? नळाला पाणी येतं तिसऱ्या दिवशी."

सरांचं तत्त्व सोपं होतं. ऊन आत येऊच द्यायचं नाही, म्हणजे बाहेर काढायची भानगड नाही.

बबनच्या कूलरची मोटर त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आली. नंतर आणखी दोनदा आली. तिसऱ्यांदा मी त्याला म्हणालो, "बबन, सिमल्याचा पास काढून घे आता!"

* * *

पहिला उपाय चुन्याचा. सरांनी स्लॅबवर चुन्याचे तीन हात दिले. पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं म्हणे. चुना उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून भिंतींनाही मारला. त्याच आठवड्यात दारापुढं बांबूचा मांडव घातला, घोसाळ्याचा वेल चढवायला. वेल अजून वीतभरच होता, पण मांडव मात्र जोरदार झाला.

चैत्र महिना, घराला नवा चुना आणि दारात मांडव! दोन दिवसांत बोरी बुद्रुकहून एक बँडवाला हजर.

"सर, तारीख सांगून ठेवा. पुढं आम्ही मिळायचो न्हाई."

"अहो, कसली तारीख? माझी मुलगी सातवीत आहे."

बँडवाला गोंधळला. त्यानं चुना बघितला, मांडव बघितला. मांडवाखाली बाबा खाटेवर बसले होते. त्यांच्याकडं बघत त्यानं आवाज खाली आणला, "मंग... बाबांचं हाय काय?"

बाबा शांतपणे म्हणाले, "पावणं, नवरी बगून आलाय का नुसताच बँड आनलाय?"

* * *

दुसरा उपाय ओल्या गोणपाटाचा. पश्चिमेच्या खिडकीला तागाचं गोणपाट लावायचं, त्यावर सकाळ-दुपार तांब्याभर पाणी मारायचं. वारा आला की गारवा आत. वाळ्याचे पडदे महाग, गोणपाट कुठंही मिळतं. गोणपाटं आणायचं काम बबननं अंगावर घेतलं आणि आठवडे बाजारातून चार फुकट पैदा केली.

फुकट का मिळाली ते पहिल्या तांब्याला कळलं. त्यात सुकट भरलेली होती!

दुपारचा वारा सुटला आणि सगळ्या आळीत सुकटीचा घमघमाट. मांजरं कुंपणावर रांगेत बसली. शेजारी माळकरी दगडूबुवा राहायचे. ते नाकाला उपरणं लावून आले. "सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आज एकादशी आहे!"

सर कासावीस. वहिनी गोणपाटं काढायला धावल्या. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे गं! आल्यापासून आज पयल्यांदा घरात काय तरी चांगला वास आलाय. दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी."

गोणपाटं धुऊन, वाळवून परत लागली. पण बबनकडून सामान आणवायचं सरांनी बंद केलं.

* * *

पाण्याचा कायदा तर फारच कडक. भांडी घासल्याचं पाणी वेलाला. साबणानं वेल जळतो म्हणून वहिनी राखेनं भांडी घासायच्या. तांदूळ धुतल्याचं पाणी कढीपत्त्याला. पाहुण्याला अर्धा पेला पाणी, हवं तर पुन्हा मागा. आणि जेवल्यावर हात धुवायचे ते वेलाच्या बुडाशीच.

एकदा हेडमास्तर जेवायला आले. जेवण झालं, हात धुवायला मोरीकडं निघाले. सरांनी अदबीनं दंडाला धरून अंगणात नेलं. "सर, इथं. जरा डावीकडं. अजून थोडं डावीकडं, तिथं मूळ आहे."

हेडमास्तरांनी वाकून हात धुतले, चूळ भरली आणि म्हणाले, "केंगले, शाळेत मी तुम्हाला झाडांना पाणी घालायला सांगतो, त्याचा राग काढलात होय?"

पण वेल काय मस्त वाढला म्हणून सांगू! अखिती जवळ येईपर्यंत मांडव हिरवागार आणि पश्चिमेची भिंत सावलीत. दर चार दिवसांनी घोसाळ्याची भाजी. वहिनी म्हणायच्या, "भाऊ, घर थंड झालं ते कबूल. पण भजीसुद्धा घोसाळ्याचीच खातोय आम्ही!"

* * *

आता सोलर कुकरचं ऐका. सरांनी पुण्याहून एक पेटी आणली. आत काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. सकाळी डाळ-तांदूळ ठेवायचे, उन्हाकडं तोंड करायचं, दुपारी वरण-भात तयार. गॅसचा सिलिंडर वेळेवर मिळत नव्हता, त्यामुळं वहिनीही खूश.

एक दिवस सर आणि वहिनी लग्नाला गेले. जाताना बाबांना सांगितलं, "पेटीवर लक्ष ठेवा फक्त." सर लग्नात जेवले नाहीत. घरी जाऊन वरण-भात खाऊ म्हणाले. मलाही बरोबर आणलं, चमत्कार दाखवायला!

येऊन बघतो तर पेटी रिकामी, सावलीत उभी.

"बाबा, हे काय?"

"आरं, एवढा चांगला आरसा उनात ठिवत्यात का? तडकंल की! मी सावलीत आनला."

"आणि डाळ-तांदूळ?"

"डबं लई तापलं व्हतं. गोधडीत गुंडाळून ठिवल्यात कोपऱ्यात."

सरांनी कपाळाला हात लावला. वहिनींनी गोधडी उलगडली. डबा उघडला तर वाफ आली! अर्धवट शिजलेला भात गोधडीच्या उबेनं पुरता शिजला होता, डाळही बोटानं दबत होती. बाबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "रानात जायच्या येळंला म्हातारी असंच करायची. एक कढ आला की भांडं पेंढ्यात घालून जायची. आलं की गरम."

सर पुस्तक काढून उष्णतेचं वहन समजावायला लागले. बाबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "ह्याला ह्याचा पगार मिळतो?"

तेव्हापासून वहिनी कडधान्याला गॅसवर एक कढ काढून भांडं गोधडीत घालायला लागल्या. सिलिंडर चांगला पंधरा दिवस जास्त गेला. आणि मी एक बघितलं. बाबा रोज सकाळी स्वतः गोधडी झटकून ठेवायला लागले होते.

* * *

अखितीच्या आठवड्यात लोडशेडिंगचा कहर झाला. दुपारी आळीतले सगळे कूलर मुके. आणि काय गंमत, एकेक जण सरांच्या मांडवाखाली येऊन बसायला लागला. दगडूबुवा आले. बबन घरच्यांना घेऊन आला. ओल्या वाळूवरच्या माठातलं पाणी, तेही अर्धा पेला. बाबा खाटेवरून सगळ्यांवर देखरेख करायचे, "वतू नगा, वतू नगा, वेलाला ठिवा."

मला वाटलं, आता म्हातारा राहणार. सरांनाही वाटलं असावं. दोन दिवस ते बाकड्यावर चक्क हसत बसले होते.

अखितीला पुरणपोळी आणि आमरस झाला. हात धुऊन बाबा म्हणाले, "उद्याची गाडी किती वाजता हाय?"

सर म्हणाले, "बाबा, आता घर थंड झालंय की. अजून काय करू, सांगा."

"तुझं घर झालं रं. माझं ऱ्हायलं न्हवं. गवात दिवाळीपासून कापून ठिवलंय, ते चढवायला नगं?"

दुसऱ्या दिवशी बाबा बबनच्या सकाळच्या गाडीत बसले. हातात पिशवी, त्यात वहिनींनी बांधून दिलेल्या चार पोळ्या. सरांनी बबनला बाजूला घेऊन तीन वेळा सांगितलं, "झऱ्याच्या वाटेवर कुणाला तरी लक्ष ठेवायला सांग." गाडी गेली. शाळेला सुट्टी होती. सर घरी गेलेच नाहीत, दिवसभर माझ्या दुकानात बसून राहिले. लाइट गेली, आली, परत गेली. त्यांना कळलंही नाही. मी उगाच एकच मोटर दोनदा उघडून बंद केली. वाईट वाटत होतं हो. एवढा सगळा उन्हाळा त्या माणसानं कशासाठी खटपट केली होती ते मला ठाऊक होतं.

दिवस मावळताना बबनची गाडी परत आली आणि स्टँडवर न जाता माझ्या दुकानापुढंच थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. बघतो तर गाडीच्या टपावर गवताच्या पेंढ्यांचा ढीग, आणि त्यावर चढून बबन दोऱ्या सोडतोय. त्याच्या डोक्यात, मिशीत सगळीकडं गवत.

"सर, गाडी अर्धा तास थांबवली ह्यांनी!" तो वरूनच ओरडला. "प्यासिंजर खाली उतरून पेंढ्या वर द्यायला लागली!"

मागच्या दारातून बाबा काठी टेकत उतरले. पोळ्यांची पिशवी तशीच हातात होती.

सर धावत पुढं गेले. "बाबा, हे गवत?"

"शाकारायचं. माझ्या खोलीच्या स्लॅबावर टाकू. तुझा चुना बरा हाय, पर दुपारचं अजून भाजतं."

सरांनी पेंढ्यांकडं बघितलं. एकेक करून सगळ्या रस्त्याकडंला पडत होत्या, तीस-चाळीस तरी असतील. "पण बाबा, सगळंच आणलंत? मग तिकडल्या घराला काय राहिलं?"

बाबांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं वळले.

"राजाभाऊ, तुमच्याकडं शिडी हाय का?"