हात लावून पाह्यलं का?

मामांनी आयुष्यात कुणावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला असेल, तर तो निदान माझ्या पाहण्यात नाही. दुकानदाराने चहाची पुडी दिली की ते ती कानाशी नेऊन हलवायचे. एसटीत चढताना ही गाडी वसमतलाच चालली ना, हे आधी कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या म्हातारीला. तिघांचंही उत्तर एकच आलं की त्यांचा संशय आणखी वाढायचा. आमचं आख्खं कुरुंदा गाव त्यांना तोंडावर ‘शक्की’ म्हणायचं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला मात्र लहानपणी फार लाज वाटायची.

मामा शेळ्यामेंढ्यांची दलाली करत. घरचा कळपही होता, पण जीव बाजारात. जनावर समोर आलं की पहिल्यांदा त्याचं तोंड उघडून दात बघायचे, मग पाठीवरून हात फिरवायचा, मग कान चाचपायचा. प्रत्येक धनगराची आपल्या मेंढ्यांच्या कानाला काप देण्याची खूण ठरलेली असते, तिच्यावरून जनावर कुणाचं ते कळतं. कुणी मध्येच जनावराचं कौतुक करू लागलं की मामांचा एकच प्रश्न असायचा, “हात लावून पाह्यलं का?” मी बारावी पास झाल्याचं सांगायला गेलो तेव्हाही हाच प्रश्न आला. निकालाच्या कागदाला हात लावून मगच त्यांनी तोंडात गूळ घातला.

सौदा व्हायचा तो दस्तीखाली. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. दोन माणसं हातावर दस्ती पांघरून एकमेकांची बोटं दाबत भाव ठरवायची आणि भोवतालच्यांना पत्ता लागत नसे. तोंडाने मामा जनावराला नावं ठेवत असायचे. पाय बारीक हाय, लोकर झडून राहिली, खोकते. त्याच वेळी दस्तीखाली बोटं भलतंच काही बोलत असायची. समोरच्याची पाचही बोटं मुठीत धरून त्यांनी घट्ट दाबली, की जनावर मनापासून पसंत, आता घासाघीस नाही. ही खूण त्यांची स्वतःची होती, पण बाजारात ती सगळ्यांना ठाऊक होती आणि मलाही.

परभणीला जनावरांचा डॉक्टर होऊन मी वर्षभर इकडेतिकडे केलं, आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी स्कॉटलंडहून पत्र आलं. मेंढ्यांच्या अभ्यासासाठी एक वर्ष, शिष्यवृत्तीसकट. वडील माझ्या लहानपणीच गेले होते, त्यामुळे पत्र आधी मामांच्या हातात पडलं. त्यांनी ते उन्हात धरलं, मागून पुढून बघितलं, वास घेतला.

“फुकट शिकवून राहिले? काहून? त्यांच्याकडं पोरं न्हाईत का?”

त्यांच्या संशयाला कारणही होतं. जवळच्या हट्टा गावच्या एका पोराला परदेशात शिकायला नेतो म्हणून कुणा एजंटाने मुंबईच्या लॉजवर दोन महिने ठेवलं होतं, आणि ते पोरगं घरी फोन करून तिकडच्या बर्फाचं वर्णन सांगत होतं. मामा ते विसरायला तयार नव्हते. शेवटी आईने डोळ्यांना पदर लावला तेव्हा ते म्हणाले, “तुमच्या मेंढ्या वर्षभर माझ्या कळपात घालतो. पण रिकामा माघारी आलास, तर मंग कागद ठेव गुंडाळून अन् काठी घे. मी पुन्हा कुठं जाऊ देणार न्हाई.” मामा बोलले की बोलले. त्या एका वर्षावर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं.

वारंगा फाट्यावर मला गाडीत बसवायला चारपाच जण आले होते. त्यांच्यासमोर मामा मोठ्याने म्हणाले, “सहा महिन्यांत येतंय माघारी. तिथली थंडी झेपायची न्हाई याला.” मला राग आला. त्यांनी माझा हात धरला आणि त्यावर दस्ती टाकली, तेव्हा लोक हसले. मला वाटलं, आता मलाही बाजारातलं कोकरू करताहेत. मी हात हिसडून काढला आणि गाडीत चढलो.

तिकडे गेलो, आणि खरं सांगायचं तर गेलोच नाही. आम्ही पाच भारतीय पोरं एका घरात राहायचो. भात शिजवायचो, कुणाकडून तरी आणलेल्या हिंदी सिनेमांच्या कॅसेट बघायचो. वर्गात मी मागच्या बाकावर बसे. आपलं इंग्रजी ऐकून कुणी हसेल, या भीतीने तोंड उघडत नसे. चार महिन्यांत मी एकाही मेंढीला हात लावला नव्हता. पुस्तकातली सगळी चित्रं मात्र पाठ होती.

दर रविवारी मी फाट्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करायचो. तिथे दुपारचे तीन वाजलेले असायचे. मेंढ्या ट्रकांत भरायच्या कामाने मामा तिथे असतच. पहिल्याच फोनला म्हणाले, “एवढा साफ आवाज येऊन राहिला, म्हंजे पुण्यातच हायस.” मी हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी त्यांनी विचारलं, “तिथल्या मेंढीच्या कानाला काप कुठं असतो?”

“डाव्या कानाला,” मी ठोकून दिलं.

“शेंड्याला का काठाला?”

“शेंड्याला असेल.”

“एकाच्या मेंढ्या दुसऱ्याच्यात शिरल्या तर कशावरून वळखतेत?”

पुस्तकातल्या एकाही चित्रात ते नव्हतं. मामा अगदी शांतपणे म्हणाले, “तू तिथं न्हाईस. तुझ्या मायला सांगतो, पोरगं पोचलं न्हाई म्हणून.”

आणि त्यांनी खरोखरच सांगितलं. पुढच्या रविवारी फोनवर आई होती. “खरं सांग लेकरा, कुठं हायस तू? कुणी फसवलं का?” ती रडत होती. मी शपथा घेतल्या, रस्त्यांची नावं सांगितली, पण हट्ट्याच्या पोराने तरी वेगळं काय केलं होतं? फोन ठेवल्यावर मामांचा इतका संताप आला की मी जेवलोसुद्धा नाही. संताप ओसरल्यावर कळलं की मामा बरोबर बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मी बसने गावाबाहेर गेलो. पहिल्या मेंढवाड्याच्या फाटकावर एक म्हातारा रेलून उभा होता. त्याने आधी माझे बूट बघितले, मग तोंड. मामांचाच चुलत भाऊ शोभला असता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलं, तुमच्या मेंढ्यांच्या कानाला काप कुठे देता? एवढ्या महिन्यांत तिथल्या माणसाला मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या, फाटक उघडलं आणि एक मेंढी धरून माझ्यासमोर उभी केली. मी सवयीने तिचं तोंड उघडून दात बघितले. त्यावर तो पहिल्यांदा हसला.

मग वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या आणि मी तिथलाच झालो. सकाळी वर्ग, दुपारी मेंढवाडा. एका मेंढीचं कोकरू मेलं, तेव्हा म्हाताऱ्याने त्याचं कातडं सोलून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगात सदऱ्यासारखं घातलं. मेंढीने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि त्याला पाजू दिलं. हे फोनवर सांगितल्यावर मामांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “कातडं काढल्यावर तिला कळत न्हाई का?”

“ते विचारलं नाही मामा.”

“मंग काय पाह्यलं? विचार. आयतवारी सांग.”

तेव्हापासून दर रविवारी मामांचा एक प्रश्न मिळायचा. तो मी म्हाताऱ्याला विचारायचो, त्याला येत नसेल तर प्राध्यापकांना, आणि त्यांनाही येत नसेल तर ग्रंथालयात बसायचो. मागचा बाक कधी सुटला ते कळलंच नाही. म्हाताराही उलट प्रश्न पाठवू लागला, उन्हाळ्यात तुम्ही पाणी कुठून आणता, लांडगा आला तर काय करता. समुद्राच्या दोन बाजूंचे दोन संशयी एकमेकांची उलटतपासणी घेत होते आणि मध्ये माझं शिक्षण होत होतं. माझ्या प्रबंधातला निम्मा भाग मामांच्या प्रश्नांवर उभा आहे. त्यात त्यांचं नाव नाही, याची मला आजही खंत वाटते.

परतायला महिना उरला असताना फोनवर मामांऐवजी बूथवाला बोलू लागला. मामा कामात हायत, म्हणायचा. मीही एव्हाना शक्की झालो होतो. तीनदा खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं, त्यांना लकवा मारला होता.

मी पोचलो तेव्हा मामा ओसरीत बाजेवर पडून होते. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. नावं ठेवायला तोंड उरलं नव्हतं आणि भाव सांगायला हात. उशाशी घडी केलेली दस्ती होती. आई म्हणाली, “तू गेलास त्या दिवशी फाट्यावरून आले, तर दिवसभर दस्ती हातातून सुटली न्हाई. पोरानं हात वढून घेतला, एवढंच म्हणले.”

मी दस्ती उलगडून त्यांच्या निर्जीव हातावर टाकली, खाली हात घातला आणि त्यांची पाचही बोटं मुठीत धरून घट्ट दाबली. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात कसाबसा पुढे आणून त्यांनी माझं मनगट पकडलं, माझा पंजा दस्तीतून ओढून नाकाशी नेला आणि वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मला रडू आवरेना.

त्यांनी तो हात सोडला नाही. छातीवर ठेवून घेतला आणि डोळे मिटले.