धुळ्याहून परत आणलेला फोटो

गिऱ्हाइकाला फोटो देताना समोरचा फोटोवाला तो नेहमी पालथा धरायचा आणि म्हणायचा, "चेहरा पोरना शे भाऊ, मना नही." चेहरा पोरीचा, आपला नाही, एवढ्यावर बायाबापड्या खूश! मला भारी चीड यायची. जळगावात आमची दुकानं समोरासमोर. कॅमेरा माझा विलायती, पडदे रंगवलेले. रीघ मात्र त्याच्याकडे.

त्याचं कारण तुम्हीही पाहिलं असेल. मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायची पद्धत तेव्हा नवी होती. स्थळ फिसकटलं की फोटो तिकडेच राही, चार घरी फिरे. हा गृहस्थ छत्री उचलून स्वतः जायचा आणि फोटो मागून आणायचा. "त्याला टपालखात्यात घ्या," असं मी लोकांना हसत सांगायचो. मी स्वतः मागेल त्याला जादा प्रत देत असे, चेहरा देखणा असला तर दुकानाच्या दर्शनी कपाटात लावत असे. फोटो ज्या काचेवर उतरतो ती काच माझी, मेहनत माझी; विचारायचं कुणाला?

मग माझ्याच मुलीचं धुळ्याचं स्थळ फिसकटलं. फोटो मीच हौसेनं काढलेला. तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तो फोटो मुलाच्या मित्रांत फिरतोय, असं कानावर आलं. मुलीनं अन्न टाकलं. तिथली पायरी पुन्हा चढायची मला लाज वाटत होती. शेवटी एका सकाळी तीच रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली.

तो चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेला, तिसऱ्या दिवशी आमच्या दारात आला. मी हात पुढे केला. "नाना, पोरले बलावा," तो म्हणाला. कागदात गुंडाळलेला फोटो त्यानं तिच्याच हातात ठेवला. ती "काका" म्हणून रडली. त्या दिवशी मी जितका जळलो तितका कधीच जळलो नाही.

पुढे तिचं लग्न रावेरला ठरलं. "फोटो काकाच काढतील," ती म्हणाली. मांडवात मी त्याच्या कॅमेऱ्यापुढे मुकाट उभा राहिलो. काचसुद्धा त्यानं तिलाच दिली. ती सासरी गेली.

मागच्या वर्षी तो वारला. त्याची गिऱ्हाइकं आता माझ्याकडे येतात. हेच तर मला हवं होतं! पण खरं सांगतो, समोरचं बंद दार पाहवत नाही. लोकांच्या लेकी माझ्या दुकानात भिंतभर आहेत, माझी नाही. परवा मुलीला पत्र लिहून लग्नातल्या फोटोची एक प्रत मागितली. तिनं उलट टपालानं विचारलं, "नाना, कुठं लावणार?"