मीठ जरा कमी

आमच्या साडूंइतका एका जागी न टिकणारा माणूस देवाने दुसरा घडवला नसावा. आणि घडवला असलाच, तर तोही कुठे टिकत नसल्यामुळे अजून कुणाच्या पाहण्यात आलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मूळचे सांगलीचे, गाड्यांच्या रंगकामातले इंजिनिअर. खुर्चीत बसले तरी कडेवर बसतात, आणि एक पाय सारखा हलत असतो. स्टॉपवर बसची वाट पाहायला उभे राहिले की बस येईपर्यंत चालत पुढच्या स्टॉपवर पोचलेले असतात. आमच्याकडे आले की एका पायातला बूट काढतात, आणि दुसरा काढावा की नाही याचा विचार करत दारातच अर्धा चहा संपवतात. माझं सगळं याच्या उलट. मी एकदा सोफ्यावर बसलो की मला उठवायला टेर्मिन घ्यावा लागतो, असं बायको म्हणते. जर्मनीत डॉक्टरपासून नगरपालिकेपर्यंत सगळीकडे आधी वेळ घ्यावी लागते, त्या वेळेला टेर्मिन म्हणतात. तर अशा दोन माणसांना दोन बहिणींनी एका गावात, म्हणजे वोल्फ्सबुर्गमध्ये, आणून ठेवलं होतं.

वोल्फ्सबुर्गला बदली होण्याआधी साडू बरीच वर्षं मेक्सिकोत, पुएब्ला नावाच्या शहरातल्या कारखान्यात होते. परदेशात आलं की आपली माणसं वरणभातासाठी व्याकूळ होतात हे मला ठाऊक होतं, कारण मी स्वतः झालेलो आहे. साडूंच्या घरी वरणभात रोज असतो. ते त्यावर लिंबू पिळतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "पुएब्लात लिंबं अशी एवढीशीच, पण काय रस राव." सांगलीचा माणूस जर्मनीत बसून मेक्सिकोसाठी झुरतो, हे मी एकदा ऑफिसमधल्या शेजाऱ्याला समजावून सांगायला गेलो. तो "आल्झो..." म्हणाला, म्हणजे 'तर मग...', आणि त्याने हवापाण्याचा विषय काढला.

शनिवार आला की साडू मला खाली गाडीत घालायचे आणि आम्ही मेक्सिकन हॉटेलं शोधत निघायचो. मी त्यांच्या मक्याच्या पोळीला 'टॉर्टिला' म्हटलं की गाडीचा वेग वाढायचा. "तोर्तिया म्हणा हो. एल दोन असले तरी एकही वाजत नाही." पहिल्याच हॉटेलात दारात प्लास्टिकचं निवडुंग होतं आणि भिंतीवर एवढी मोठी टोपी. साडू वेटरशी खडखडीत स्पॅनिशमध्ये बोलू लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आपण शेजारच्या गावचे आहोत, आजोबाही तिथलेच, असं जर्मनमध्ये सांगितलं. टाकोवर चीजची गोधडी पांघरलेली होती आणि गोधडीखाली डब्यातला गोड मका. साडूंनी तिखट चटणी मागितली. वेटरने तीनदा विचारून खात्री करून घेतली, आणि ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. साडूंनी ती वाटी ताकासारखी तोंडाला लावली, रिकामी करून खाली ठेवली आणि म्हणाले, "टोमॅटोचं सार चांगलं आहे. चटणी कुठाय?"

पण त्यांची खरी परीक्षा चटणीची नसायचीच. ते तोर्तिया उचलायचे, दिव्यासमोर धरायचे, फाडायचे, वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे: "चुना नाही." मका चुन्याच्या निवळीत शिजवून, रात्रभर ठेवून, मग वाटायचा असतो; त्याशिवाय ती तोर्तिया नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हॅनोवरला चुना नव्हता, माग्डेबुर्गला नव्हता, बर्लिनला तर तोर्तिया मैद्याची होती. "सगळे आपल्याला चुना लावतात," साडू म्हणायचे, "तोर्तियेला कोणी लावत नाही." शेवटी घरीच करू म्हणून ते बांधकामाच्या दुकानातून चुन्याचं पोतं घेऊन आले. ताईंनी ते जिन्यातच अडवलं. "मका शिजवायचाय की घर रंगवायचंय?" मग मी पुण्याहून येताना पानाचा चुना आणावा असं ठरलं. विमानतळावर कस्टमच्या बाईंनी माझ्या बॅगेतून त्या पांढऱ्या नळ्या एकेक करून बाहेर काढल्या आणि हे काय आहे ते विचारलं. घाबरलं की माझं जर्मन तीन शब्दांवर येतं. मी म्हणालो, "साडू. मका. जेवण." त्यांतला पहिला शब्द जर्मनही नव्हता. नळ्या तिथेच राहिल्या. मी सुटलो, यातच साडूंनी समाधान मानावं असं मला वाटत होतं; त्यांनी ते मानलं नाही.

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. मग एका संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या आणि कोट न काढताच बसल्या. नवऱ्याचं हे लक्षण त्यांच्यात बघून बायको चपापली. साडूंना पुएब्लातून परत बोलावणं आलं होतं. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मुलीची शाळा शेवटच्या दोन वर्षांत आलेली. आपल्याशी ती जर्मनमध्येच बोलते, पण निदान बोलते तरी, असं ताई म्हणाल्या. "मी ह्यांना सांगितलंय, माझ्याच्यानं आता खोकी भरणं होणार नाही. तर म्हणतात, इथे एक खरी तोर्तिया मिळवून दाखवा, राहतो."

ताई गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी तिला बहीण चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली होती. दोघी रोज भांडत होत्या. याहून मोठं सुख मी तिला देऊ शकलेलो नाही. "अहो," ती म्हणाली, "उठा. शोधा." टेर्मिनचा प्रश्नच नव्हता.

मी सोफ्यावरून उठून जे काही शोधलं असेल त्यातलं हे सर्वोत्तम. ब्राउनश्वाइगच्या शनिवारच्या बाजारात, बटाटेवाल्याच्या मागे, एका मेक्सिकन बाईंची गाडी लागत होती. निवडुंग नाही, टोपी नाही. एक तवा, पिठाच्या लाट्या दाबायचं एक लाकडी यंत्र, आणि बाईंच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकाबद्दल संपूर्ण बेफिकिरी. साडूंनी तोर्तिया उचलली. उजेडात धरली. फाडली. वास घेतला.

आणि सरळ तोंडात घातली.

एक टाको त्यांनी उभ्याने खाल्ला. दुसरा घेऊन ते बटाट्यांच्या उलट्या खोक्यावर बसले. कडेवर नव्हे, नीट, मागच्या खांबाला टेकून. पाय हलत नव्हता. बाईंनी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली आणि नाक पुसलं. पण चटणी तिखट होती, त्यामुळे नाकावरून काही ठरवता येत नव्हतं. मी मनातल्या मनात बायकोला फोन लावला. जिंकलो होतो.

परतीच्या वाटेवर अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "मीठ जरा कमी होतं."

गाडी ते चालवत होते म्हणून बरं. "मीठ?" मी म्हणालो. "आणि चुना?"

"चुना होता. पण मीठ कमी. मीठ कमी म्हणजे काय राहिलं, साडूभाऊ?"

घरी ताई दारातच उभ्या होत्या. "मिळाली?" साडू एका पायातला बूट काढत म्हणाले, "जवळपास. मीठ कमी." मी साक्ष द्यायला तोंड उघडलं. बटाट्याच्या खोक्यासकट सगळं सांगणार होतो. ताईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे त्या चक्क हसत होत्या.

"जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पुएब्लात हे काय करत होते ठाऊक आहे? भाकरी शोधत होते. जोंधळ्याची. तोर्तियेला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, ह्याला काय चुन्याचा वास येतो. कुणाकडे बरी भाकरी मिळाली की बोटं चाटून खायचे आणि गाडीत म्हणायचे, जरा कच्ची होती. असं म्हणत होते तोवर आम्ही तिथे सुखाने राहिलो. मग एकदा एका मराठी बाईंकडे जेवलो आणि हे म्हणाले, अगदी आईच्या हातची. मी त्याच दिवशी समजले. महिन्याभरात वोल्फ्सबुर्गचा अर्ज गेला."

"पण ते तर म्हणाले होते, खरी मिळाली तर राहीन."

"त्यांना काय कळतंय," ताई म्हणाल्या आणि चहात साखर घातली. "अहो, शोध संपला की ह्यांना घर खायला उठतं."

सोमवारी साडूंनी पुएब्लाला नकार कळवला. मुलीच्या शाळेचं कारण दिलं. मुलगी "ना आल्झो", म्हणजे 'झालं की मग', म्हणाली आणि तिने बापाला मिठी मारली, हे बायकोने मला दोनदा सांगितलं.

आता आम्ही दर शनिवारी ब्राउनश्वाइगला जातो. साडूंचं वय होत चाललंय. आताशा ते त्या खोक्यावर जरा जास्त वेळ बसतात, आणि त्यांचा पाय कधीकधी हलायचा थांबतो. तो थांबला की मला धडकी भरते. म्हणून ते गाडी लावायला जातात तेवढ्यात मी पुढे होतो. बाई आता मला ओळखतात. मी माझ्या तीन शब्दांच्या जर्मनमध्ये सांगतो, साडूंच्या टाकोवर, कृपा करून, मीठ कमी. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, ब्लडप्रेशर का? मी हो म्हणालो. कुणाचं ते सांगितलं नाही.